एका तळ्याचा मासा आणि गावोगावची चिलापी

नांदेड आणि लातूर हे जिल्हे समुद्रापासून दूर, पर्जन्यछायेकडे झुकलेल्या प्रदेशात वसलेले आहेत. मत्स्यव्यवसायाचा विषय निघाला की साहजिकच कोकणपट्टी आठवते. मराठवाडा सहसा आठवत नाही. परंतु नांदेडजवळ गोदावरीवरील विष्णुपुरीचा जलाशय, बारूळचा मानार प्रकल्प, लोहा तालुक्यातील लिंबोटी, राष्ट्रकूटकाळाची आठवण सांगणारा कंधारचा जगत्तुंग सागर, लातूर जिल्ह्यातील तिरू, देवर्जन, घरणी, रेणा, तावरजा, मसलगा, साकोळ व व्हटी हे मध्यम प्रकल्प आणि त्याखेरीज गावोगावचे लघु व पाझर तलाव यांचा विचार केला, तर गोड्या पाण्यातील मासेमारीला येथे केवढा वाव आहे हे ध्यानात येते. भोई समाजातील व इतरही अनेक कुटुंबे या पाण्यावर उपजीविका करतात. मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, त्यात मत्स्यबीज सोडतात आणि वर्षभर त्याची राखण करतात.

या जलाशयांतून निघणाऱ्या मासळीत कटला, रोहू, मृगळ यांच्या जोडीला एक करडा, काटेरी पाठीचा, तळहाताएवढा मासा हमखास असतो. त्याचे बीज संस्थेने सोडलेले नसते. तरी जाळ्यात त्याचा भरणा असतो. हा मासा म्हणजे चिलापी. शास्त्रीय भाषेत त्याला ओरिओक्रोमिस मोसांबिकस असे म्हणतात. तो या मातीतला नाही. आफ्रिका खंडातून, अनेक देशांचा प्रवास करीत तो येथवर आला.

ज्या ओरिओक्रोमिस प्रजातीत चिलापीची गणना होते, ती प्रजाती शास्त्रज्ञांनी प्रथम ज्या माशावरून प्रस्थापित केली, तो मासा जगात केवळ एका तळ्यात आढळतो आणि आज तो नामशेष होण्याच्या काठावर उभा आहे. एकाच घराण्यातील एक मासा एका तळ्यातही टिकेनासा झाला आहे आणि दुसरा हजारो तळ्यांतून हटता हटत नाही. वरवर विपरीत भासणाऱ्या या दोन गोष्टींचे मूळ एकच आहे. ते म्हणजे एका पाण्यातील मासा पुरेसा विचार न करता दुसऱ्या पाण्यात सोडणे. मराठवाड्यातील जलाशयांच्या दृष्टीने हे मूळ समजून घेणे अगत्याचे आहे.

सिक्लिड कुळाची ओळख

चिलापी ज्या कुळात मोडते त्याला सिक्लिड कुळ असे नाव आहे. या कुळात आजवर सुमारे १,७०० जातींचे वर्णन झाले आहे. त्यांतील बहुसंख्य जाती आफ्रिका आणि मध्य व दक्षिण अमेरिका येथील आहेत. पाठीवर एकच लांब पर व त्याच्या पुढील भागात टोकदार काटे, नाकाच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी एकच छिद्र आणि अंगावरील पार्श्वरेषा मध्येच तुटलेली, या खुणांवरून या कुळातील मासे ओळखता येतात. त्यांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. या दुसऱ्या जोडीमुळे अन्न दळण्याचे काम घशात होते व मुखातील जबडे निरनिराळे भक्ष्य पकडण्यास मोकळे राहतात. शेवाळ खरवडणारे, गोगलगाई फोडणारे, दुसऱ्या माशांची पिले खाणारे असे नाना प्रकार या एका कुळात निर्माण झाले, याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

या कुळाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे संततीची काळजी. आपल्याकडील बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडून निघून जातात. सिक्लिड मासे मात्र अंड्यांची व पिलांची राखण करतात. ओरिओक्रोमिस प्रजातीतील मादी तर फलित अंडी तोंडात घेते, तेथेच ती उबतात आणि पिले पोहू लागेपर्यंत तिच्या तोंडातच राहतात. बाहेर सोडल्यावरही धोक्याची चाहूल लागताच ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात.

भारतात या कुळाच्या मूळच्या अशा तीनच जाती आहेत. कोकण, गोवा व केरळच्या खाड्यांतील काळुंदर ही त्यांपैकी सर्वांत परिचित. केरळात तिला करीमीन म्हणतात व त्या राज्याने २०१० मध्ये तिला राज्यमाशाचा मान दिला. दुसरी जात अंगावर नारिंगी ठिपके मिरविणारी लहानशी आहे. तिसरी, दक्षिण कर्नाटकातील पश्चिमवाहिनी नद्यांपुरती मर्यादित असून संकटग्रस्त गणली जाते. मराठवाड्याच्या नद्यांत मात्र या कुळातील एकही मासा मूळचा नाही. गोदावरी खोऱ्यातील जलचरांना चिलापीसारख्या शेजाऱ्याची सवय कधीच नव्हती, ही बाब पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

चाला सरोवरातील मासा

पूर्व आफ्रिकेत किलिमांजारो पर्वताच्या पूर्व उतारावर, केनिया व टांझानिया या देशांच्या सीमेवर चाला नावाचे सरोवर आहे. महाराष्ट्रातील वाचकांना त्याची कल्पना लोणारवरून करता येईल. लोणारप्रमाणेच हेही उंच कड्यांनी वेढलेले, वाटोळ्या खळग्यातील पाणी आहे. लोणारचे विवर उल्कापाताने झाले, तर चालाचे ज्वालामुखीने. लोणारचे पाणी खारट व अल्कधर्मी आहे; चालाचे गोडे आहे. चाला सरोवराचा विस्तार सुमारे ४ चौरस किलोमीटर असून ते सुमारे ९० मीटर खोल आहे. त्यात कोणतीही मोठी नदी येऊन मिळत नाही व त्यातून कोणती नदी वाहत नाही. पर्वतावर पडलेले पाणी जमिनीखालून झिरपत येते आणि जमिनीखालूनच निघून जाते.

अशा बंदिस्त पाण्यात बाहेरचा मासा आपोआप येण्याचा संभव नसतो व आतला मासा बाहेर जाऊ शकत नाही. दीर्घकाळ अशा एकांतात राहिलेला चाला सरोवराचा एकमेव मूळचा मासा म्हणजे ओरिओक्रोमिस हंटेरी. ब्रिटिश म्युझियममधील ख्यातनाम मत्स्यशास्त्रज्ञ आल्बर्ट ग्युंटर यांनी १८८९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याच्यासाठीच ओरिओक्रोमिस हे प्रजातीनाम योजिले. पुढे मोसांबिकस, निलोटिकस आदी, आज जगभर पाळल्या जाणाऱ्या जाती याच नावाखाली आल्या. नांदेडच्या किंवा उदगीरच्या बाजारातील चिलापीचे शास्त्रीय नाव अशा रीतीने किलिमांजारोच्या कुशीतील एका तळ्याशी जोडलेले आहे.

हा मासा आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत एखादी जात निसर्गातून नाहीशी होण्यापूर्वीची ही शेवटची पायरी होय. त्याच्यावरील प्रमुख संकट बाहेरून आणून सोडलेल्या माशांचे आहे. विसाव्या शतकात या सरोवरात कोप्टोडोन रेंडाली आणि ओरिओक्रोमिस कोरोग्वे या अन्य दोन सिक्लिड जाती पोहोचल्या. सरोवर बंदिस्त असल्याने त्या स्वतःहून आल्या असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही; त्या माणसांच्या हातूनच आल्या. हजारो वर्षे एकट्याने राहिलेल्या माशाला अन्न, विणीची जागा आणि किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा या सर्वच बाबतींत वाटेकरी निर्माण झाले.

एकाच ठिकाणी असण्याचा धोका

एखादा मासा एकाच तळ्यात असणे याचा नेमका अर्थ काय, हे लातूर परिसरातील जनतेला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. धरणाचा तळ उघडा पडला, त्या वेळी त्या पाण्यातील मासेही संपले. परंतु त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर धरणात पुन्हा पाणी आले व मासेही आले. मरळ, वांब, शिंगाडा यांसारखे मासे मांजरा नदीच्या वरच्या-खालच्या डोहांत, उपनद्यांत आणि इतर तलावांत शिल्लक होते. संस्थांनी कटला-रोहूचे बीज पुन्हा सोडले. एका ठिकाणी झालेली हानी दुसऱ्या ठिकाणच्या साठ्यातून भरून निघाली.

ज्या माशाला दुसरे ठिकाणच नाही, त्याच्या बाबतीत ही भरपाई शक्य नसते. दुष्काळ, रोगाची साथ, विषारी सांडपाणी किंवा बाहेरचा एक आक्रमक मासा यांपैकी कोणतेही एक संकट त्या जातीचा कायमचा अंत करू शकते. जातीचा आढळ जितका लहान तितके तिचे आयुष्य एका अपघातावर अवलंबून, हा निसर्गसंवर्धनातील साधा पण मूलभूत नियम आहे.

व्हिक्टोरिया सरोवराचा धडा

केवळ लहान तळ्यातील मासेच असे धोक्यात येतात, असा समज मात्र करून घेऊ नये. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराचा विस्तार सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे मराठवाडा विभागाच्या क्षेत्रफळापेक्षाही अधिक आहे. या सरोवरात शेकडो प्रकारचे लहान सिक्लिड मासे होते व जगात अन्यत्र ते कोठेही नव्हते. किनाऱ्यावरील लोकांचा आवडता मासा मात्र एन्गेगे नावाचा होता. तोही ओरिओक्रोमिस प्रजातीतलाच. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे गळफास जाळी आली आणि एन्गेगेची बेसुमार मासेमारी सुरू झाली. उत्पादन घटले, तेव्हा भरपाई म्हणून १९५० च्या दशकात नाईल तिलापिया व अन्य तिलापिया जाती सोडण्यात आल्या. त्याच सुमारास नाईल पर्च हा माणसाएवढा वाढणारा शिकारी मासाही सरोवरात पोहोचला.

पहिली काही वर्षे विशेष काही घडले नाही. परंतु १९८० च्या दशकात नाईल पर्चची संख्या एकाएकी वाढली आणि सुमारे दोनशे सिक्लिड जाती नाहीशा झाल्या, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एन्गेगेची जागा नाईल तिलापियाने घेतली. मुख्य सरोवरातून हटलेला एन्गेगे केनियातील कान्याबोलीसारख्या, दलदलीने वेगळ्या पडलेल्या लहान तळ्यांत तग धरून राहिला. थोर सरोवराने जे गमावले ते लहान तळ्यांनी राखले.

या इतिहासाची दुसरी बाजूही नमूद करावयास हवी. नाईल पर्चमुळे तेथे निर्यातीचा मोठा व्यवसाय उभा राहिला व हजारो लोकांना काम मिळाले. मात्र हा मासा कारखान्यात व परदेशात जाऊ लागला आणि काठावरचा गरीब कोळी स्वस्त, सुकवता येण्याजोग्या लहान माशांना मुकला. मत्स्योत्पादनाचा आकडा वाढणे आणि मच्छीमाराच्या ताटात मासा येणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

चिलापी भारतात कशी आली

चिलापीचे मूळ वसतिस्थान आग्नेय आफ्रिकेतील झांबेझी नदीच्या खालच्या टप्प्यापासून दक्षिणेकडील किनारी नद्यांपर्यंतचे आहे. विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मोझांबिकमधून तिचे वर्णन केले. १९३९ मध्ये हा मासा इंडोनेशियातील जावा बेटावर आढळला. तो आफ्रिकेहून तेथे कसा आला याचा उलगडा झाला नाही. मुजाइर नावाच्या ज्या ग्रामस्थाने तो प्रथम पाळला, त्याचेच नाव त्या देशात या माशाला पडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व नंतर अन्नटंचाईच्या दिवसांत जावाहून तो आशियाभर पसरला.

भारतात तो १९५२ मध्ये आणण्यात आला. त्या वेळचा हेतू समजून घेतला नाही तर त्या निर्णयावर अन्याय होईल. कटला, रोहू व मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात वीत नाहीत. पावसाळ्यात वाहत्या पुराच्या पाण्यातच ते अंडी घालतात. त्यामुळे त्यांचे बीज नद्यांतून गोळा करून दूरदूर न्यावे लागे. त्यात भेसळ असे, वाटेत मरतूक होई आणि खर्चही मोठा येई. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली आणि मत्स्यबीजाचा प्रश्न सुटण्याचा मार्ग खुला झाला. १९५२ मध्ये मात्र तो मार्ग दृष्टिपथात नव्हता. स्वतःच तळ्यात विणारा, काहीही खाणारा, कमी प्राणवायूच्या पाण्यातही जगणारा मासा हे त्या काळी वरदानच वाटले.

त्याचे दोष अल्पावधीतच ध्यानात आले. १९५९ मध्ये भारतीय मत्स्यसंशोधन समितीने त्याच्या प्रसारास मनाई केली. परंतु तोवर मासा तळ्यातून ओढ्यात व ओढ्यातून नदीत गेला होता. कागदावरील मनाई पाण्यातील माशापर्यंत पोहोचू शकली नाही. आज जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर आक्रमक परकीय जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत चिलापीचे नाव आहे.

तलावात नेमके काय घडते

चिलापीच्या यशाचे रहस्य तिच्या विणीत आहे. उथळ पाण्यात नर तळाशी वाटोळे खळगे करतात. उन्हाळ्यात पाणी उतरू लागले की तलावाच्या काठाला परातीसारखे हे खळगे ओळीने दिसतात. मादी तेथे अंडी घालते व लगेच तोंडात घेऊन निघून जाते. सुमारे तीन आठवड्यांत पिले स्वतंत्र होतात आणि मादी पुन्हा विणीस तयार होते. उबदार पाण्यात असे वर्षातून अनेकदा घडते. दोन-तीन महिन्यांची, बोटभर लांबीची मादीही वीण सुरू करू शकते. अंड्यांची संख्या रोहू किंवा कटल्याच्या तुलनेत अगदीच अल्प असते. परंतु आईच्या तोंडात वाढल्यामुळे त्यांतील बरीच जगतात.

याचा परिणाम असा होतो की काही वर्षांतच तलावात लहान लहान चिलापींची दाटी होते. अन्न तेवढेच आणि खाणारी तोंडे अनेक, त्यामुळे चिलापी स्वतःही खुरटते. कटला-रोहूची बोटुकली सोडावी तर तिला नैसर्गिक खाद्य पुरत नाही. राजस्थानातील जयसमंद सरोवरात चिलापी शिरल्यानंतर प्रमुख कार्प माशांचे सरासरी वजन घटले व तेथील महाशीर माशांनाही धोका निर्माण झाला, अशी नोंद आहे.

मच्छीमार सहकारी संस्थेच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शास्त्राचा नाही. ठेक्याची रक्कम भरावी लागते, बीजाचा खर्च होतो, राखणीची मजुरी द्यावी लागते. एक किलोचा कटला आणि त्याच वजनाच्या दहा-बारा चिलापी यांना बाजारात सारखा भाव मिळत नाही. दुसरीकडे हेही सत्य आहे की ऐन उन्हाळ्यात, इतर मासा हाती लागत नसताना, चिलापीच अनेक घरांत पैसा व अन्न आणते. गरिबाला परवडणारा ताजा मासा म्हणून तिचे महत्त्व नाकारता येत नाही. म्हणून चिलापीला शत्रू ठरवून प्रश्न सुटणार नाही. तिला तलावातून समूळ काढणेही आता व्यवहार्य राहिलेले नाही. तिचे प्रमाण आटोक्यात ठेवणे आणि नवी चूक न करणे, एवढेच हाती आहे.

आपल्याच घरी परकी

चिलापीच्या कथेला अलीकडे एक अनपेक्षित वळण मिळाले आहे. जगभर पसरलेला हा मासा त्याच्या मायभूमीत मात्र असुरक्षित गणला जाऊ लागला आहे. शेतीसाठी आणलेला नाईल तिलापिया दक्षिण आफ्रिकेतील लिंपोपोसारख्या नद्यांत उतरला व त्याचा मूळच्या मोसांबिकसशी संकर होऊ लागला. संकरित संतती सुपीक असते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध जात विरत जाते. मासा डोळ्यांना दिसत राहतो, परंतु मूळची जात राहत नाही.

जो मासा परक्या देशात आक्रमक ठरला, तोच स्वदेशी आक्रमणाचा बळी ठरला. दोष माशाचा नाही. प्रत्येक मासा आपल्या पाण्यात, आपल्या शेजाऱ्यांसह युगानुयुगे घडलेला असतो. तो समतोल माणसाने मोडला की कोठे दाटी होते, तर कोठे पोकळी.

एका खोऱ्याचे पाणी

नांदेड व लातूर या जिल्ह्यांना या संदर्भात एक वेगळे भौगोलिक महत्त्व आहे. तेरणा मांजरेला मिळते, मानार व लेंडी या नद्याही मांजरेलाच मिळतात आणि मांजरा पुढे कंदकुर्तीजवळ गोदावरीत विलीन होते. नांदेडच्या उत्तर भागातून वाहणारी पैनगंगाही वर्धा व प्राणहिता यांच्या मार्गाने शेवटी गोदावरीतच जाते. म्हणजे या दोन जिल्ह्यांतील जवळजवळ प्रत्येक ओढ्याचे पाणी एकाच खोऱ्यात उतरते. चाला सरोवरात सोडलेला मासा निदान चालातच राहतो. निलंगा किंवा मुखेड तालुक्यातील एखाद्या पाझर तलावात सोडलेला परका मासा मात्र सांडव्यावरून पहिल्या मोठ्या पुराबरोबर बाहेर पडतो व थेट गोदावरीपर्यंत जाण्यास मोकळा होतो. येथे एका गावाची चूक त्या गावापुरती राहत नाही.

देवाचा मासा

एकाच ठिकाणी आढळणारा मासा महाराष्ट्रात नाही, असेही नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीजवळ हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी महादेवाचे मंदिर व कुंड आहे. तेथील एका लहानशा माशाचे २०२० मध्ये नवी जात म्हणून वर्णन झाले व नदीवरून त्याला शिस्तुरा हिरण्यकेशी हे नाव देण्यात आले. हा मासा सिक्लिड कुळातला नाही, परंतु त्याची स्थिती चालातील माशासारखीच आहे. स्थानिक लोक त्याला देवाचा मासा म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये तेथील २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले.

एका माशासाठी अडीच हेक्टरांहूनही कमी जागा राखून ठेवणे ही गोष्ट दिसावयास लहान आहे. चाला सरोवराच्या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर मात्र तिचे मोल कळते. संकट कोसळण्यापूर्वी केलेले संरक्षण स्वस्त पडते. नंतर कितीही खर्च केला तरी गेलेली जात परत येत नाही.

काय करता येईल

मराठवाड्यातील तलावांच्या बाबतीत काही गोष्टी संस्था, ग्रामपंचायती व शेतकरी यांच्या हातात आहेत. पहिली गोष्ट म्हणजे मत्स्यबीजाची निवड. बीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे व सोडण्यापूर्वी त्यात चिलापीची किंवा अन्य माशांची पिले मिसळलेली नाहीत ना, हे पाहावे. तलावात अगोदरच चिलापी असल्यास मत्स्यजिरे सोडून उपयोग होत नाही. आठ ते दहा सेंटिमीटर लांबीची बोटुकली सोडल्यास ती स्पर्धेत टिकण्याचा संभव वाढतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उन्हाळ्याचा उपयोग. पाणी कमी झाले की चिलापी काठाच्या उथळ भागात गोळा होते व तिचे खळगे उघड दिसतात. या काळात तिची जास्तीत जास्त पकड करावी व लहान पकडली म्हणून ती परत पाण्यात टाकू नये. कोरडे पडणारे लघुतलाव पूर्ण आटल्यावर उरलेल्या डबक्यांतील चिलापी काढून घेतली, तर पुढील वर्षी निर्मळ सुरुवात करता येते. दुष्काळ ही आपत्ती खरीच. परंतु या एका बाबतीत तिचा उपयोग करून घेता येतो. मरळीसारखा मूळचा शिकारी मासा तलावात राखल्यास चिलापीच्या पिलांवर नैसर्गिक वचक राहतो.

तिसरी गोष्ट शेततळ्यांची. निवड पद्धतीने सुधारलेला, गिफ्ट या नावाने ओळखला जाणारा नाईल तिलापिया जलद वाढतो व त्याला मागणीही आहे. केंद्र शासनाने २००९ मध्ये त्याच्या शेतीसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवून दिली. परवानगी घेऊन, एकलिंगी बीज वापरून, पाणी बाहेर जाण्याच्या मार्गावर जाळी बसवून तो पाळणे वेगळे आणि उरलेले मासे जवळच्या ओढ्यात सोडून देणे वेगळे. व्हिक्टोरिया व लिंपोपो येथे जे घडले ते याच माशामुळे, हे विसरता कामा नये. प्रतिबंधित परदेशी मागूर पाळण्याचा मोह तर सर्वथा टाळला पाहिजे. घरातील काचपात्रातले शोभेचे मासेही नदीत वा तलावात सोडू नयेत. त्यात दया दिसते, परंतु परिणाम उलटा होतो.

चौथी गोष्ट नोंदीची. जैविक विविधता अधिनियमानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. गावच्या तलावात व नदीच्या डोहात कोणकोणते मासे आहेत, पूर्वी कोणते होते आणि कोणते दिसेनासे झाले, हे वृद्ध मच्छीमारांइतके कोणी सांगू शकत नाही. त्यांच्या आठवणी नोंदवहीत उतरल्या पाहिजेत. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. तेथील अध्यापक व विद्यार्थी आणि गावोगावचे मच्छीमार यांची सांगड घातल्यास हे काम सुकर होईल. जे आहे त्याची नोंदच नसेल, तर काय गेले हेही कळणार नाही.

चाला सरोवरातील मासा मराठवाड्यातील कोणी पाहिलेला नाही व बहुधा पाहणारही नाही. परंतु त्याची कथा येथील पाण्याला लागू पडते. त्या सरोवरात परका मासा सोडणाऱ्यालाही कदाचित भलेच करावयाचे असेल. १९५२ मध्ये चिलापी भारतात आणणाऱ्यांचा हेतू तर निःसंशय भला होता. पाण्यात मासा सोडावयास एक क्षण पुरतो. तो परत काढावयास कधीकधी एक शतकही अपुरे पडते. विष्णुपुरीपासून साकोळपर्यंतच्या प्रत्येक तलावाच्या काठी बीजाचा डबा उघडण्यापूर्वी या गोष्टीचे स्मरण झाले, तर गोदावरीचे मासे गोदावरीत राहतील आणि त्यांच्यावर जगणाऱ्यांच्या जाळ्यांतही.